हळद्याचे डोळे

आमचे काका आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, आणि यावर कुणीही कधी विश्वास ठेवला नाही. दोष डोळ्यांचा. त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं कायम पिवळं. बस चालवायचे, तर डेपोत त्यांचं नाव पडलं हळद्या. सकाळी साहेब त्यांना मशीनमध्ये फुंकायला लावायचे, मशीन शून्य दाखवायचं, आणि साहेब मशीनच दुरुस्तीला धाडायचे. घरी मशीन नव्हतं, काकू होती. दार उघडलं की काकांनी चपला काढायच्या आत ती तोंडाचा वास घ्यायची.

इतकं सोसलेल्या माणसाला थोडी तरी अक्कल यावी की नाही? पण मुलगा मोठा झाला, एके दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसले, आणि काकांच्या अंगात अख्खा डेपो संचारला.

"फुंक," म्हणाले.

"बाबा, तुम्ही तरी असं म्हणू नका."

तो फुंकला नाही, काकांनी त्याला घराबाहेर काढलं. वर्षभर तो फिरकला नाही. काकू रोज त्याचं ताट मांडायची आणि तसंच उचलायची. मला काकांचा तेव्हा भयंकर राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

मग काकांच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरीणबाईंना डोळे बघून शंका आली. त्यांनी तोंडाचा वास न घेता रक्त तपासलं, मग जनुकही तपासून घेतलं. तांबड्या पेशीच्या आवरणाला आतून एक जाळी सावरून धरते. ती जाळी आवरणाशी बांधून ठेवणारं प्रथिन म्हणजे अँकिरिन, आणि ते बनवणारं काकांचं जनुकच बिघडलेलं. बांधणी सैल पडते, चपटी पेशी गोल होते, प्लीहेत अडकून फुटते, आणि तिच्यातून तयार होणारा पिवळा रंग डोळ्यांत उतरतो.

"म्हणजे सीट कव्हरचे हूक तुटलेत," काका म्हणाले.

"तसंच समजा. मुलात उतरायची शक्यता निम्मी असते."

काका तिथून थेट मुलाच्या खोलीवर. काकांना माफी मागता येत नाही हे ठाऊक असल्यानं मीही मागोमाग गेलो. पण काकांनी दारातच सगळं ओकलं. अँकिरिन, जाळी, हूक, सगळं एकात एक.

"तुझे डोळे माझ्यामुळे पिवळे आहेत. तू प्यायला नव्हतास. माझं चुकलं."

मुलगा म्हणाला, "डोळ्यांचं मला माहीत नाही, बाबा. पण त्या दिवशी मी प्यायलो होतो."

मागितलेली माफी परत घ्यावी का, असा विचार काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

"किती?"

"बिअर. एक बाटली."

"मग फुंकून मोकळा का नाही झालास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून. दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं तर फुंकलो असतो."

काका खाटेवर बसले. मग म्हणाले, "चल घरी. उद्या तुझं रक्त तपासू."

काकूनं दार उघडलं. सवयीनं आधी काकांच्या तोंडाचा वास घेतला, मग मुलाच्या. त्याचा चेहरा मात्र तिनं सोडलाच नाही, दोन्ही हातांत धरून रडत राहिली.

"अगं, चपला तरी काढू दे त्याला," काका मागून म्हणाले.