चंद्रावैनींचं मिनिट

आधीच सांगतो, मी फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस आहे. आप्पासो म्हणतात मला. गळा काढून बोलणं मला जमत नाही. हल्ली चंद्राबाईंचा विषय निघाला की जो तो 'बिचारी' म्हणून सुरू होतो आणि माझं डोकं फिरतं. बिचारी कसली? त्या बाईनं भल्याभल्यांना पाणी पाजलंय, मलासुद्धा.

म्हसवडच्या अलीकडं माळावर त्यांची वस्ती. मेंढरं, थोडी बाजरी, मुलगा शिवतेज मुंबईला कंपनीत. नवरा गुंडा माझा शाळेपासूनचा दोस्त, म्हणून ती मला वैनी आणि मी तिचा भावजी. वैनी शाळेत गेली असेल नसेल, पण तोंड असं की बोकडाचा सौदा करायला बसली की व्यापारी हात जोडायचे. "मावशी, तुमचा भाव तर तुमचा भाव, पण आता गप व्हा."

आमच्या भागात लोकांनी चालवलेला एक लहानसा रेडिओ आहे. आसपासच्या गावांत ऐकू येतो. तो सांभाळणाऱ्या ज्ञानदाताई सांगलीच्या. त्या इंग्लंडला शिकायला होत्या तेव्हा खोलीत एकट्या बसून रेडिओवर एक खेळ ऐकायच्या. चार हजरजबाबी माणसं टेबलाशी बसतात, अध्यक्ष एक विषय देतो, आणि त्यावर एक मिनिट बोलायचं. थांबायचं नाही, तेच तेच बोलायचं नाही, विषय सोडायचा नाही. चुकलास की शेजारचा घंटी दाबणार, आणि उरलेल्या वेळात तोच विषय त्यानं बोलायचा. मिनिट संपल्याची शिट्टी होताना जो बोलत असेल त्याला गुण. बक्षीस वगैरे काही नाही. लोकांनी हसायचं, बस. ताई सांगायच्या, तिकडं असले खेळ पिढ्यान् पिढ्या चालतात, खेळणारे खुर्चीतच म्हातारे होतात, एखादा जातो, आणि पुढच्या आठवड्यात बाकीचे पुन्हा टेबलाशी येऊन बसतात.

तोच खेळ ताईंना इथं आणायचा होता. मी म्हणालो, "ताई, आमच्याकडं न थांबता बोलणारी मानसं शोधायला लागत न्हाईत. थांबवायला लागत्यात." ताई हसल्या आणि मलाच खुर्चीत बसवलं. दुसऱ्या खुर्चीत दवाखान्यातली नर्स क्रांती, तिसऱ्या खुर्चीत चंद्रावैनी.

पहिल्याच दिवशी विषय निघाला मोबाईल. वैनी सुटलीच. "आमच्या म्हाताऱ्यानं मोबाईल घेतला. मेंढराचा फोटू काढला, शेरडाचा काढला, कुत्र्याचा काढला. म्हनलं, माझा कवा काढायचा? तर म्हनतंय, जनावर गप हुबं ऱ्हातं गं!" क्रांती टेबलावर डोकं ठेवून हसत होती. घंटी दाबायचं भान मलाही राहिलं नाही. विषय कुठलाही असो, भाकरी असो नाहीतर विमान, वैनी फिरून फिरून गुंड्यावर यायची. आणि गुंडा? त्याला राग यावा की नाही? छे! गळ्यात रेडिओ अडकवून मेंढरांमागं हिंडायचा. बाजारात पोरं ओरडायची, "गुंडातात्या, गप हुबं ऱ्हावा!" आणि हा गडी खूश होऊन त्यांनाच चहा पाजायचा.

मी मात्र वैनीला सोडायचो नाही. जरा अडखळली की घंटी. तीही मला सोडायची नाही. बाहेर एकमेकांना मान देऊन बोलणारे आम्ही त्या टेबलाशी कोंबड्यासारखे भांडायचो. लय मजा यायची, खरंच सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात गुंडा गेला. सकाळी चहा पिऊन उठला आणि छातीला हात लावून बसला, तो बसलाच. दहिवडीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. गाडी मी चालवत होतो. ह्यावर मी जास्त बोलणार नाही.

वैनीची खुर्ची रिकामी ठेवून आम्ही काही दिवस खेळ ओढला. त्यात जीव नव्हता. तिकडं शिवतेज आईला फोनवर म्हणाला, "आई, आता बास कर. बा जाऊन वरीस झालं न्हाई आनि तू रेडिओवर हसवायला लागलीस तर लोक तोंडात शेन घालतील." भावकीतही तीच कुजबुज.  दिवाळी झाल्यावर वैनी एक दिवस सरळ आली, आपल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "इषय द्या."

ताईंनी जपून विषय दिला, लिंबाचं लोणचं. वैनीनं सुरुवात केली आणि मध्येच थांबली. चांगली थांबली. माझा हात घंटीकडं गेला, पण दाबवेना. क्रांती खाली बघत बसली. वैनी पुन्हा बोलायला लागली, बरणी, बरणी, बरणीच करत राहिली, तरी आम्ही गप्प. शिट्टी झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी सगळे गुण वैनीला मिळाले.

ती उठली ती तापूनच. "घंटी मोडलीया व्हय?"

"नाही मावशी, पण..." ताई बोलायला लागल्या.

"मग? मी मधीच थांबले, तेच तेच बोलले, तुमाला ऐकाय आलं न्हाई? भावजी, तुमी तर माझा श्वास आडकला तरी घंटी मारत व्हतासा!"

मी म्हणालो, "वैनी, तुमच्या घरात एवढं झालंय..."

"घरात झालंय. हितं काय झालंय? घरात मला कोन धड बोलू देत न्हाई. शेजारीन येती, डोळं पुसती आनि जाती. हितं तरी कुनीतरी भांडंल म्हनून आले, तर तुमीबी मला कोपऱ्यात बसवलंसा. दया करतासा माझ्यावर! सांगलीच्या कॉलेजात खेळ ठरलाय, तितं येते, ताईंना शबुद दिलाय. पर तितंबी असंच खेळनार असाल तर त्यो माझा शेवटचा खेळ. पुन्हा ह्या खुर्चीत बसनार न्हाई."

पदर खोचून निघून गेली. मला तिचा राग आला, आणि मग माझाच आला. घरात ती विधवा होती, शिवारात विधवा होती. माणूस म्हणून भांडायची एकच जागा उरली होती, तीही आम्ही माया करून हिसकावून घ्यायला निघालो होतो.

सांगलीला विश्रामबागच्या एका कॉलेजात कार्यक्रम होता. हॉल पोरापोरींनी गच्च भरलेला. विषय त्यांनीच द्यायचे होते. मागं एक मुलगी उठली आणि मोठ्यानं ओरडली, "चंद्राबाईंना, माझा नवरा!" पोरं खिदळली. तिनं मोबाईलवर जुने भाग ऐकलेले. पुढचं तिला काय माहीत?

ताईंचा चेहरा उतरला. "आपण दुसरा विषय घेऊ या."

"का म्हनून?" वैनी म्हणाली. "पोरीनं चांगला इषय दिलाय. लावा घड्याळ."

आणि सुरू झाली. गुंड्याचं घोरणं, गुंड्याची चप्पल, गुंडा पाहुण्यांत जेवायला बसला की कसा लाजायचा. हॉल लोटपोट. मग म्हणाली, "आनि सांजचं घरला आलं की म्हातारं मला इचारायचं..." आणि थांबली.

ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.  ताई माझ्याकडं बघून मान हलवत होत्या, नको, नको.  वैनी माझ्याकडंच बघत होती.

मी घंटी दाबली. "थांबलासा, वैनी."

हॉलमधून कुणीतरी "शी!" म्हणालं. म्हणू दे. नियमाप्रमाणं आता विषय माझा होता. "माझा नवरा," मी सुरू केलं, "म्हंजे माझा न्हाई, वैनींचा." पोरं हसली. "माझा दोस्त. शाळेत आमी एका बाकावर... मी भरती झालो तवा यष्टी दिसंनाशी हुईपातुर त्यो..."  गाडीत माझ्या शेजारी पडलेली त्याची मान दिसायला लागली.

टण्णकन घंटी वाजली.

"थांबलासा, भावजी!" वैनीचे डोळे वाहत होते, पण आवाज खणखणीत होता. विषय परत तिच्याकडं गेला. "ज्या दिशी मी रेडिओवर त्याच्यावर काय बोलले न्हाई, त्या दिशी म्हातारं रुसायचं. म्हनायचं, आज माझी याद आली न्हाई व्हय गं तुला? मी म्हनायची, गप जेव. आता सांगते रं म्हाताऱ्या, ऐक. रोज येत व्हती. रोज येती."

शिट्टी झाली. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझे दोन्ही हात तोंडावर होते.

वैनीनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या कोपराला ढोसलं. "रडायचं मागनं, भावजी. पुढचा इषय तुमचा हाय."