एका घराला दोन दारं

आमच्या हायस्कूलला उन्हाळ्याची सुट्टी फक्त मुलांना असते. पेपर तपासून झाले की आम्ही मास्तर मंडळी पोरं शोधायला निघतो. अमरावती मागे टाकून भातकुलीच्या रस्त्याला लागलं की प्लॉटांचे दगड संपतात आणि कपाशीची काळी शेतं सुरू होतात. तिथेच आमची सरकारी शाळा आहे. आसपासच्या गावांतले वर्ग सातवीला संपतात आणि आठवीला पोरं आमच्याकडे येतात, अशी वर्षानुवर्षं रीत होती. आता गावागावांत पिवळ्या बस शिरतात आणि टायवाली पोरं भरून शहरात नेतात. म्हणून मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून आम्ही घरोघर फिरतो, "तुमची लेक आमच्याकडे द्या" म्हणत. सोयरीक जुळवणारेही एवढी आर्जवं करत नसतील.

माझा स्वभाव तिखट. भाजीवालीशी भाव करायला गेले तर भांडून परत येते. अशा बाईला लोकांची मनं वळवायला पाठवायचं म्हणजे हेडसरांची छाती मोठीच म्हणायची. हेडसर धामणगाव रेल्वेचे, घरी धान्याची अडत. त्यांनी निघताना एकच नियम सांगितला होता, "चहाले नाही म्हनाचं नाही. चहा टाळला का सौदा फिसकटला समजा." त्या नियमापायी मी महिनाभर पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या.

त्या वर्षी प्रकरण चित्रकलेच्या सरांवर आलं होतं. पट भरला नाही की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. त्याचं काम कितीही चांगलं असो, त्याला बिऱ्हाड उचलून सरकार सांगेल तिथे जावं लागतं. सर आमच्यात सगळ्यात नवे. अकोल्याहून नुकतेच म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते. आईचे गुडघे गेलेले, शेजारणींशी आत्ता कुठे तिचा जीव रमायला लागला होता. आठवीत एक जरी पोर कमी पडलं तर सरांची रवानगी थेट मेळघाटात, धारणीला, असं सगळे बोलत होते. आणि हा माणूस चकार शब्द काढत नव्हता. रोज सकाळी उन्हं चढायच्या आत शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर ज्वारीचं शेत रंगवत बसायचा. मला त्याचा रागच यायचा.

"अहो, बदली झाली तर हे अर्धवट राहील ना!" मी एकदा म्हटलं.

"अर्धं तं इथं राहीन ना, मॅडम," ते म्हणाले आणि कणसं भरत राहिले.

शेवटच्या गावाची आम्ही वाटणी केली. रस्त्याकडची घरं सरांची, गल्लीकडची माझी. गल्लीत एका निळ्या दाराच्या घरात एक बाई गादीच्या खोळीला टाके घालत बसली होती. तिची धाकटी सातवी पास झालेली. मी तीनदा गेले, तीनदा चहा प्याले. चहा आतून एक उंच पोरगी आणून द्यायची आणि पडद्यामागे जायची. आलं घालून चांगला उकळलेला चहा. त्या चहाला मी कधी नाव ठेवलं नाही, एरवी मी नाव ठेवत नाही अशी वस्तू विरळा.

"मॅडम, त्या बसवाल्या शाळेत मोठं काय भेट्टे?" आईने विचारलं.

"टाय," मी म्हटलं.

ती खोळ बाजूला टाकून हसली. "घ्या मंग. धाडतो बारकीले."

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी माझी पोरं सांगितली, सरांनी त्यांची. हेडसरांनी बेरीज केली आणि टेबलावर थाप मारली. लागत होती तेवढी बरोबर भरली होती! त्यांनी स्वतःच्या खिशातून आलूबोंडे मागवले. सरांनी दोन खाल्ले आणि आईसाठी एक कागदात बांधून नेला.

शाळा उघडली त्या दिवशी फाटकाला फुगे लावले होते. एसटीतून नवी पोरं उतरत होती. माझी निळ्या दाराची पोरगी दिसताच मी गुलाबाचं फूल घेऊन लगबगीने पुढे झाले. तेवढ्यात समोरून सरही फूल घेऊन तिच्यापाशी आले.

"ही माझी," मी म्हटलं.

"मॅडम, ही तं माझी. गादीवाल्याची."

पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे. "सर, माह्यं घर एकच हाये. दुकानाचं दार रस्त्यावर हाये न् अम्मीचं दार गल्लीत."

झालं असं होतं की मी आईकडून होकार मिळवला, सरांनी बापाकडून. आमच्या भागात लेकराला हाक मारायचं नाव एक आणि दाखल्यावरचं दुसरं. आईने मला पहिलं सांगितलं, बापाने सरांना दुसरं. एकच पोरगी आम्ही दोनदा मोजली होती.

हेडसर डोक्याला हात लावून पायरीवर बसले. सर मात्र हसत सुटले. इतक्या महिन्यांत त्यांना मी मोठ्याने हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "हसता काय!" मी खेकसले. खरं तर मला रडू येत होतं. डोळ्यांसमोर त्यांची आई होती, तिचे ते गुडघे आणि धारणीचा घाट.

दुपारीच सरांना स्कूटीवर मागे बसवून मी ते घर गाठलं. या वेळी दोघंही गादीच्या दुकानात शिरलो. ऐकल्यावर बापाने कापूस लागलेले हात कपाळावर मारले.

"बाप्पा! एक पोरगी दोघायले देल्ली आमी!"

"तुमी मले सांगतलं काहून नाही?" आई आतून कडाडली.

"तू सांगतलं का मले?"

गावात दुसरं कोणी उरलंय का, याचा दोघांनी विचार केला. सगळ्यांचे प्रवेश झाले होते. मग नेहमीसारखा चहा आला. आम्ही कप उचलले. ती उंच पोरगी या वेळी आत गेली नाही. रिकामा ट्रे छातीशी धरून उभी राहिली.

"मॅडम, मी चालन का?"



"हे थोरली," आई हळूच म्हणाली. "सातवीनंतर घरीच हाये. तवा संग जायाले कोनी नव्हतं."

"खोळी कोन शिवन मंग?" बापाने विचारलं. आवाजात राग नव्हता, पण प्रश्न खरा होता.

"सकायी उठून शिवीन, अब्बा. बारकीसंग जाईन, बारकीसंग येईन. पोरीयले एसटीचा पास फुकट हाये. पुस्तकं भेट्टेत. आन् मॅडम सोता स्टँडवर उभ्या राह्यतेत."

ही सगळी माझी वाक्यं होती. धाकटीसाठी मी आईपुढे म्हटलेली. तिने पडद्यामागे उभं राहून ती पाठ केली होती आणि आता एकेक करून बापापुढे मांडत होती.

"मॅडम, तुमी हिले शिकवून ठेवलं का?" बापाने हसत विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. "आम्ही तर हिला विचारलंसुद्धा नाही." आणि माझे डोळे भरून आले. गावभर पोरं शोधत फिरलो आणि जी दर खेपेला समोर कप ठेवून गेली, तिचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं.

बापाने बाहीवरचा कापूस झटकला. "जाय मंग," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एसटीतून दोघी बहिणी उतरल्या. थोरली धाकटीचाच जादा ड्रेस घालून आली होती, बाह्या तिला आखूड होत होत्या. सर भिंतीला शिडी लावून उभे होते. त्यांनी तिथूनच ब्रश हलवला.

प्रवेशाचे कागद द्यायला ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा नुकतीच चहाची किटली आली होती. तिचा हात आपोआप किटलीकडे गेला. सरांनी ती काढून घेतली, खुर्ची पुढे ओढली.

"तू बस," ते म्हणाले आणि पहिला कप तिला भरून दिला.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. सगळा स्टाफ तिच्याकडे पाहत होता. तिने फुंकर मारून एक घोट घेतला, थोडा विचार केला.

"साखर कमी हाये, सर," ती म्हणाली.