जिनिंगमध्ये टॉवर मोजताना

कापसाचे भाव पडले होते त्या वर्षांत मी एका मोबाइल ठेकेदाराकडे कामाला होतो. इमारतीत खोलीखोली फिरायचं, फोनवर टॉवर, म्हणजे रेंज, किती येतो ते पाहायचं आणि नकाशावर लाल-हिरव्या खुणा करायच्या. त्या दुपारी बाभुळगावच्या पुढच्या एका जिनिंगच्या, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, ऑफिसात होतो. जाड भिंती, वर टिनं. नकाशा लालच झाला होता. हिरवी खूण एकच, जिन्यातल्या खिडकीशी.

बाहेर चार दिवसांपासून कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने एका गाडीचा माल ओला म्हणून परत पाठवला. कोणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली, आणि दगड सुरू झाले. ग्रेडर मागच्या दाराने पळाला. माणसं आत घुसली, तर समोर कागद-पेन घेतलेला मी.

"हा कोन होय? काय लिहून राह्यला?"

"टॉवर मोजतो, दादा. मोबाइलचा."

"खोटं बोलते! खरेदीवालाच हाय!"

पाठीत काठी बसली. केस धरून कोणी माझं डोकं भिंतीवर आपटलं. एवढ्यात एक म्हातारा गर्दीतून पुढे आला, त्याचा हात माझ्याकडे आला, आणि मी हातातला जड फोन त्याच्या कपाळावर हाणला. मग आणखी एकदा. तो मटकन खाली बसला. धोतरावर रक्त गळू लागलं.

"सोडा रे त्याले," तो म्हणत होता. मघापासून तेच म्हणत होता.

गर्दी थबकली. मी जिन्यातल्या खिडकीकडे धावलो. बाहेरून दगड येतच होते. एक खांद्यावर बसला. तिथूनच रस्त्यावरच्या आमच्या जीपच्या ड्रायव्हरला फोन लावला. त्याने जीप मागच्या फाटकाशी आणली, आणि आम्ही दोघांनी म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं.

त्याला सात टाके पडले. मी शेजारच्या खाटेवर पालथा होतो. हवालदाराने म्हाताऱ्याला विचारलं, "कोणी मारलं?"

"धावपळीत चौकट लागली, सायेब."

हवालदार गेल्यावर म्हातारा माझ्याकडे वळला.

"पहिला फटका समजते मले. भेला होता तू. पण दुसरा कायले मारला रे?"

संध्याकाळी त्याची सून डबा घेऊन आली. कपाळ कशाने फुटलं, ते तिला माहीत नव्हतं. तिने मलाही अर्धी भाकर दिली. मी ती मान खाली घालून खाल्ली.