विजेचा मुलामा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! विद्या अंगाशी कशी येते, हे ठाण्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल.

एका मासिकात वाचलं, की विजेच्या जोरावर तांब्याच्या भांड्यावर चांदीचा मुलामा घरच्या घरी चढवता येतो. झालं! कचेरीतून आलो की मी मागच्या पडवीत. जस्ताचे तुकडे, मडकी, तारा, मोरचूद... ब्याटरी तयार! जिभेला तार लावली की झिणझिणायचं. काय ती माझी ऐट!

घरात चांदीची वाटी एकच. कल्याणच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, अधिक महिन्यात जावयाचं वाण म्हणून दिलेली. तिच्या जोडीला चांदीचा पेला नको? मोरचुदाच्या पाण्यात एका तारेला तांब्याचा पेला टांगला, दुसरीला ती वाटी. वाटीची चिमूटभर चांदी पेल्यावर जाईल, एवढीच माझी अपेक्षा.

रविवारी सकाळी पाहतो तर पेला तांब्याचाच, आणि वाटी लालभडक! तारा उलट्या लागल्या होत्या. पेल्याचं तांबंच वाटीवर चढून बसलं होतं.

आणि त्याच दिवशी अप्पा जेवायला! लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी पाणीही न घेणारा माणूस, नातू झाल्यावर पहिल्यांदाच पानावर बसणार. मी वाटी चिंचेने घासली. तांबं आणखीच चकाकलं हो!

"अहो, वाटीला काय झालं?" कुटुंबाने विचारलं.

"खाडीची दमट हवा! चांदी लाल पडते कधीकधी."

बिचारीचा माझ्या विद्येवर केवढा विश्वास! तिने त्याच वाटीत अप्पांना खीर वाढली.

"जावईबापू, मी दिलेली वाटी कुठं आहे?"

"हीच ती, अप्पा. खाडीची हवा..."

"मग कल्याणला खाडी नाही वाटतं? आमची भांडी नाही लाल पडली ती!" अप्पांचा घास हातातच राहिला. "म्हणजे सोनाराने मला फसवलं! मी जावयाला तांबं दिलं! यमू, तुझ्या घरी तोंड दाखवायची सोय नाही राहिली गं मला."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाच बोलायला हवं होतं ना? पण नाही, मी शास्त्रज्ञ! लाज वाटत होती तरी तोंड उघडेना.

अप्पा भरल्या पानावरून उठले, वाटी उपरण्यात गुंडाळली आणि मला घेऊन पुढच्या आगगाडीने थेट कल्याणच्या सोनाराच्या दारात.

"तीस वर्षांचा घरोबा आपला, आणि त्याचं हे फळ?" अप्पा गरजले. रस्ताभर माणसं जमली.

"अप्पा, देवाशप्पथ, चोख चांदी घातलीय मी," म्हातारा सोनार हात जोडून म्हणाला.

आता मात्र मला राहवेना. "अहो, त्यांचा दोष नाही! मीच केलं ते! विजेने!"

सोनाराने कानस फिरवली. आत पांढरीशुभ्र चांदी! अप्पांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि भर रस्त्यात माफी मागितली.

सोनाराने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तांब्यावर चांदी चढवून जगाला फसवणारे पुष्कळ पाहिले. चांदीवर तांबं चढवणारा हा पहिलाच!" मग तो अप्पांकडे वळला.

"वाटी शंभर नंबरी आहे, अप्पा. पण जावई पसंत करताना कसाला लावून पाहिला होता का?"