प्रेसच्या जाळीत माझा हात

अपघात कसा झाला हे कोर्टाला समजावून सांगणं हा माझा धंदा. मशीन बघायचं, मोजमापं घ्यायची आणि मग दोष यंत्राचा की माणसाचा ते लिहून द्यायचं. क्रम हाच असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रकरणात मी अहवाल आधी लिहिला आणि मशीन नंतर पाहिलं.

कारण शुद्ध आळस. कंपनीच्या वकिलांनी मशीनचा नकाशा घरी पाठवला होता. डब्यांची झाकणं ठोकणारं प्रेस. वरून ठोकळा दणकन साच्यावर येतो, पुढे लोखंडी जाळी, खाली तयार झाकणं पडायला फट. त्यावर काम करणारा डोंगराकडच्या पाड्यावरून येणारा माणूस, उजव्या हाताची चार बोटं गेलेली. तो म्हणत होता, जाळी जागेवरच होती, झाकण अडकलं म्हणून खालून हात घातला. कंपनी म्हणत होती, त्यानेच जाळी काढली, त्याला आम्ही काय करणार? भरपाई या एका मुद्द्यावर अडली होती. मी पंख्याखाली बसून नकाशावर पट्टी ठेवली आणि लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहणी केल्यानंतर असे आढळले, की जाळी जागेवर असताना हात साच्यापर्यंत पोचणे अशक्य आहे.’ सही ठोकली, वकिलांना पाठवून दिलं आणि जेवायला बसलो.

पुढे कोर्टाने दोन्ही बाजूंसमोर पाहणी ठेवली. कंपनीचे वकील, मॅनेजर, त्या कामगाराची वकीलबाई, तो स्वतः आणि एक फिटर. एवढी माणसं बघून माझ्या अंगात नट संचारला. हातातला नकाशा बाजूला ठेवून उकिडवा बसलो, बाही सरसावली आणि फटीतून हात वर घातला. कोपराशी अडला.

“पाहिलंत? एवढाच!”

“अजून थोडा घाला की, सर,” वकीलबाई म्हणाल्या. “लाजता कशाला?”

मी ईर्ष्येने खांदा लावला. बोटांच्या टोकांना काहीतरी गार, तेलकट लागलं. साचा.

जाळीवर ग्रीस आणि धूळ यांचा एवढा थर होता, की आतलं बाहेरून कुणालाच दिसत नव्हतं. हात साच्याला लागला, हे फक्त मला कळलं होतं. आणि मी मोठ्याने म्हणालो, “नाही पोचत.”

म्हणालो आणि हात ओढला. हात येईना. घड्याळाचा पट्टा आत कशात तरी अडकला होता. मेन स्विच मीच बंद करून कुलूप घातलं होतं, किल्ली माझ्याच खिशात होती. तरी तो ठोकळा आपल्या बोटांवर टांगलेला आहे हे डोक्यातून जाईना. शर्ट पाठीला चिकटला.

“साबजी, काट दें क्या?” फिटरने विचारलं. काय कापणार, ते त्याने सांगितलं नाही.

“सर, हात बाहेर कसा काढायचा ते नकाशात नाही का?” वकीलबाई.

शेवटी तो कामगार माझ्याशेजारी येऊन बसला. “वडू नका सायेब. वडलात का अजून बसते. आदी वर ढकला, मंग पंजा फिरवा.” माझं कोपर त्याने डाव्या हातात धरलं आणि वर रेटलं. वकीलबाईंनी जाळी पदराने पुसून मोबाईलचा उजेड आत टाकला. माझी चारी बोटं साच्यावर नीट मांडून ठेवल्यासारखी. त्यांनी फोटो काढला.

“पोचला नाय ना सायेब?” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

हात सुटला. कंपनीच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. “तुमचा हात जरा लांबच आहे हो. पहिल्या अहवालावर राहा. नाही राहिलात, तर तोच अहवाल तारखेसकट मला कोर्टात दाखवावा लागेल.”

मी दुसरा अहवाल लिहिला, हात पोचतो म्हणून. धर्मात्मा वगैरे समजू नका. फोटो निघाला होता. कंपनीने मला सोडलं, वकीलबाईंनी साक्षीला बोलावलं.

पालघरच्या कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिलो आणि कंपनीच्या वकिलांनी शब्द पाळला. “ही सही तुमची? इथे ‘प्रत्यक्ष पाहणी केल्यानंतर’ लिहिलंय. केली होतीत?”

केली होती म्हटलं, तर दुसरा अहवाल बुडाला आणि त्याच्याबरोबर मागच्या बाकावर बसलेला तो माणूसही. नव्हती म्हटलं, तर माझा धंदा बुडाला. मी पाण्याचा पेला शोधला. तिथे पेला नव्हता.

“नव्हती केली.”

साक्षीदाराचं उत्तर न्यायाधीश टायपिस्टला सांगतात, तेही साक्षीदाराच्याच तोंडचं करून. सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं ते सावकाश म्हणाले, “मी मशीन पाहिलेले नव्हते. पाहणी केल्याचे मी खोटे लिहिले.”

टायपिस्टने मान न वळवता विचारलं, “खोटे घेऊ, की चुकीचे?”

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं.

“खोटे,” मी म्हणालो. “आणि पुढे हेही घ्या. त्या दिवशी नाही पोचत असं मी म्हणालो, तेव्हा माझा हात पोचलेला होता.”