मच्छरवाले सायेब अन् आमची भिंत

विज्ञानासाठी रगत देल्लेला मानूस आमच्या गावात एकच हाये, अन् तो मी. देल्लं म्हंजे काय, मच्छर पीत होते अन् मले उठाची मनाई होती.

ऐंशीच्या पुढची सालं असतील. धानोऱ्याकडल्या आमच्या गावात नागपूरहून एक सायेब आले. नाव मोठं होतं त्याईचं, पन गावानं 'मच्छरवाले सायेब' म्हनलं अन् तेच राह्यलं. उंच, वाळका मानूस. चालताना वाटे, आता खाली बसते का मंग बसते. दिवेलागनीले मले आमच्याच ओट्यावर धोतर गुडघ्यावर करून बसवत. पायावर मच्छर बसला का काचेच्या नळीत ओढून घेत. माहा हात सवयीनं उठे.

"मारू नको रे भाऊ, तो माझा आहे."

एवढ्या मायेनं माह्या बापानं बी मले कधी आपला म्हनलं नाई. शाळा मी बाहेरूनच पाह्यली. डोकं कोनाच्या कामी आलं नाई, पाय तेवढे आले.

गावात घरोघरी हिवताप. माही बायको शांता एक दिवसाआड थंडीनं कुडकुडे. घरातलं सारं पांघरून तिच्यावर टाकलं तरी खाट वाजे. पावसाच्या तोंडी सरकारी मानसं भिंती-भिंतीवर पांढरी दवाई फवारून गेले होते. मच्छर भिंतीले टेकला का मेला पाह्यजे, असं सांगून गेले. आमचे मच्छर त्याच भिंतीवर पाहुन्यासारखे बसून राहत.

सायेबाच्या नागपूरच्या हापिसातून निरोप येई, "आमच्या पिंजऱ्यातले मच्छर या दवाईनं मरतात. तुम्ही रानात काय करता? परत या."

सायेब हसत. दमलेलं हसू होतं ते. "तिकडचा मच्छर वसतिगृहातल्या पोरासारखा, भाऊ. वेळेवर जेवतो, वेळेवर मरतो. तुमच्या गावचा कुठं झोपतो, तेही मला धड माहीत नाही."

पन नागपूरच्या रीतीले ते नाव ठेवत नव्हते. एक दिवस त्याच रीतीनं त्याईनं माह्या पायावरचे धरलेले मच्छर एका नळीत सोडले. आतून दवाईचा कागद लावला होता. सकाळी पाह्यलं तं सारे उताने.

मी नाचलो. "सायेब, जितलो!"

सायेब ओट्यावर मटकन बसले. "अरे, हेच तर वाईट झालं. दवा खरी आहे, मच्छरही मरणारा आहे. मग तुझी बायको का फणफणते?"

मले काय माहीत? मी माहे पाय खाजवत बसलो.

मंग सायेबालेच ताप भरला. डाकबंगल्यावर पानी द्याले कोनी नाई, म्हनून शांतानं त्याईले आमच्या घरी आनलं. तिचा त्या दिवशी बिनतापाचा वार होता. सायेब भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले, अन् दुपारी नखानं भिंत खरवडाले लागले. मले वाटलं, वातात गेले. मी हुंगवाले कांदा फोडाले धावलो. आलो तं सायेब उठून बसलेले. भिंतीचा मातीचा पापुद्रा निघाला होता, अन् त्याच्याखाली पांढरी दवाई.

"बाई, ही माती केव्हाची?"

"पोळ्याची," शांता म्हने. "त्या दवाईचे डाग घेऊन सन कसा कराचा, सायेब? अन् वास किती!"

फवारा झाल्यावर साऱ्या गावानंच घरं सारवली होती. दवाई आत, मच्छर बाहेर. आमच्या भिंतीची माती मीच कालवली होती, अन् रोज तिच्याच सावलीत विज्ञानाले पाय देत बसत होतो.

सायेब रागावले नाई. हळूच म्हने, "आमच्या नळीत सगळं असतं, बाई. फक्त पोळा नसतो."

मंग ताप अंगात घेऊनच ते बायाईच्या घोळक्यात बसले, फवाऱ्यावर सारवू नका म्हने. बायाईनं आधी ऐकलंच नाई. "सनाले घर भकास ठेवाचं का?" शेवटी शांतानंच तोड काढली. सारवन फवाऱ्याच्या आधी. पोळ्याले फक्त ओटा अन् बाहेरची भिंत. पुढच्या साली तसंच झालं, अन् आमची खाट वाजाची थांबली.

सायेबाचा ताप मात्र त्याईले सोडे ना. एस्टीत बसताना म्हने, "थकलो रे. तिकडचे म्हणतात जंगली झाला, इकडचे म्हणतात नागपूरचा आहे." मी हसवाले गेलो, पाय वर करून दाखवला. ते हसले बी. मंग परत आलेच नाई.

ते वारल्याची खबर आली तेव्हा शांता पोळ्यासाठी ओटा सारवून राह्यली होती. तिचा हात थांबला. मले ते पाहवलं नाई, म्हनून म्हनलं, "काई बी म्हन, ते भिंतीचं आमी दोघाईनं शोधलं. मी अन् सायेबानं."

शांतानं मान वर केली नाई. "सायेबानं भिंत खरवडली. तुमी पाय उघडे टाकून बसले होते. उठा, माती कालवा."