झरोक्यातून आलेला टँकर

"…जिल्हा झाला. पहिला टँकर आपल्या गल्लीत."

एवढंच माझ्या कानावर आलं, अन् मला तेवढं पुरलं की हो!

आता माझी फजिती ऐकाच. आमच्या अन् शेजारच्या कांबळेबाईच्या स्वयंपाकघरात भिंत एकच, तिला वीतभर झरोका. साखरेची वाटी, कालवण, गल्लीच्या बातम्या, सगळं तिथूनच जातं-येतं. त्या दुष्काळात आमच्या उदगीरला पाण्याचा पत्ता नव्हता, अन् 'उदगीर जिल्हा होणार' ही हूल तर रोजचीच.

त्यात झरोक्यातून आलेला हा आवाज बाईचा, रेडिओवरच्यासारखा शुद्ध. म्हणजे सरकारीच की! मी अर्ध्या गल्लीला सांगितलं, उरलेल्या अर्धीला त्यांनी. भर उन्हात सडकेपर्यंत हंडे-बादल्यांची रांग लागली. माझी घागर पहिली.

टँकर काही येईना. लोक माझ्याकडं बघायले. पठाणभाभी म्हणाल्या, "आपा, जिल्हा रस्त्यात पंक्चर झाला काय?"

आता गल्लीत माझ्या शब्दाला कोण विचारणार? पुरावा आणायला मी तडक कांबळेबाईच्या घरात.

तिचा पोरगा अविनाश पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत होता. एकाच कम्प्युटरात त्यानं विंडोज अन् लिनक्स दोन्ही चालू ठेवलेले. विंडोजमधल्या प्रोग्रामनं निरोप पाठवायचा, लिनक्समधल्यानं तो बाईच्या आवाजात बोलून दाखवायचा. पण घर एक असून दोघांच्या निरोप ठेवायच्या जागा निराळ्या, म्हणून गाठच पडंना, असं त्यानं मला समजावलं. मीही पदर खोचून ऐकत बसले. सवय, दुसरं काय?

"काकू, दोघांमधी झरोका पाडायलोय," तो म्हणाला. "निरोप जातो का बघायला म्हणून लिहिलं, समजा उदगीर जिल्हा झाला. पहिला टँकर आपल्या गल्लीत. तर सुरुवातीचं 'समजा उदगीर' गळालं वाटेत."

"म्हणजे टँकर न्हाईच?"

"न्हाई, काकू."

तेवढ्यात बाहेर गलका. दुसरीकडं निघालेल्या टँकरवाल्यानं एवढी रांग बघितली, त्याला वाटलं इथंच द्यायचंय, अन् थांबला! मी धावत पोचले तर तो पाइप गुंडाळायला लागलेला. माझी घागर धनी न्हाई म्हणून कुणीतरी बाजूला सरकवलेली, कोरडी ठणठणीत.

"काकूची बातमी म्हणजे पक्की," म्हणत लोक भरले हंडे घेऊन गेले. जिल्हा काही अजून झाला न्हाई. पाणी मात्र आलं, मला सोडून सगळ्यांना.

संध्याकाळी चहापुरतं तरी मिळावं म्हणून झरोक्यातून तांब्या पुढं केला. कांबळेबाईनं काठोकाठ भरून दिला. मागून अविनाशचा आवाज आला,

"काकू, हे अख्खं पोचलं का बघा."